नोटेवर चेहरा कोणाचा? बाजाराच्या नजरेतून एक अभ्यास



महाबळेश्वरच्या बाजारपेठेत सुट्टीच्या दिवसांत संध्याकाळी उभे राहिले की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. चपलांचे दुकान असो, चणे-चिक्कीची गाडी असो, मध-जॅमचे दुकान असो की लाकडी काठ्यांचे, येथे दुकानदार गिऱ्हाइकाला ओळखत नाही आणि गिऱ्हाईक दुकानदाराला ओळखत नाही. एखादे कुटुंब सुरतेहून आलेले असते, दुसरे हैदराबादहून, तिसरे पुण्याहून. गिऱ्हाईक नोट पुढे करते, दुकानदार ती बोटांनी चाचपतो, उजेडाकडे धरतो आणि गल्ल्यात टाकतो. सौदा संपला. उद्या ते दोघे पुन्हा भेटणार नाहीत. उधारी नाही, जामीन नाही, साक्षीदार नाही. दोन परक्या माणसांमधला सगळा विश्वास त्या कागदाने वाहिलेला असतो.

आणि त्याच बाजारात दुसरा प्रसंगही पाहायला मिळतो. गिऱ्हाईक दहा रुपयांचे नाणे देते. दुकानदार ते उलटसुलट करून पाहतो. नेहमीच्या नाण्यापेक्षा त्यावरचे चित्र वेगळे असते. "हे चालत नाही, दुसरे द्या," असे तो म्हणतो. गिऱ्हाईक म्हणते, "सरकारी नाणे आहे, का चालत नाही?" दहा रुपयांसाठी पाच मिनिटे हुज्जत होते आणि पाठीमागे उभे असलेले दुसरे गिऱ्हाईक कंटाळून पुढच्या दुकानात निघून जाते.

चलनावर कोणाचे चित्र असावे, हा वाद पुढाऱ्यांच्या भाषणात मोठा वाटतो. पण त्याचा निकाल शेवटी दुकानाच्या गल्ल्यावर लागतो. म्हणून प्रस्तुत लेखात आपण हा प्रश्न बाजाराच्या बाजूने तपासून पाहू. चित्राचा शरई मसला हा आलिमांचा विषय आहे; त्यात आपण शिरणार नाही. आपला प्रश्न एवढाच की, आजच्या काळातील राजकीय पुढाऱ्यांचा गौरव राष्ट्रीय चलनावर करावा काय?

मागणी कोठून आली?

२६ ऑक्टोबर २०२२ रोजी दिल्लीचे तत्कालीन मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी नोटांवर गांधीजींच्या चित्राबरोबर लक्ष्मी व गणपती यांची चित्रे छापावीत, अशी मागणी केली. तिचे पडसाद लगेच महाराष्ट्रात उमटले. भाजपचे आमदार नितेश राणे यांनी छत्रपती शिवाजी महाराजांचे चित्र असलेल्या नोटेचा नमुना प्रसृत केला. त्याच पक्षाचे आमदार राम कदम यांनी आणखी पुढे जाऊन शिवाजी महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, सावरकर आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची चित्रे असलेल्या नोटांचे नमुने मांडले. काँग्रेसचे मनीष तिवारी यांनी डॉ. आंबेडकरांचे नाव सुचविले.

यात कोणाचे नाव योग्य आणि कोणाचे अयोग्य, हा मुद्दा तूर्त बाजूला ठेवू. दोन दिवसांत यादी किती वाढली, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवात दैवतांपासून झाली आणि शेवट पदावर बसलेल्या पंतप्रधानांपाशी झाला. एकदा दार उघडले की प्रत्येक पक्ष आपापला माणूस घेऊन रांगेत उभा राहतो, हेच त्यावरून दिसून येते. प्रत्यक्षात मात्र काही बदलले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने गांधीजींचे चित्र बदलण्याचा कोणताही प्रस्ताव नसल्याचा खुलासा केला होता.

हा निर्णय कोणाच्या हातात आहे, हेही माहीत असावे. रिझर्व्ह बँक कायदा, १९३४ याच्या कलम २५ प्रमाणे नोटेचे स्वरूप व नक्षी रिझर्व्ह बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीचा विचार करून केंद्र सरकार मंजूर करते. नाण्यांचा अधिकार नाणे कायदा, २०११ खाली थेट केंद्र सरकारकडे आहे. म्हणजे शेवटचा शब्द सत्तेवर असलेल्या सरकारचाच. म्हणूनच या बाबतीत मर्यादा पाळण्याची जबाबदारीही सत्तेवर असणाऱ्यांवरच अधिक येते.

शिक्का म्हणजे काय?

मराठीतला 'शिक्का' हा शब्द मूळ अरबी 'सिक्का'. इब्न खल्दून यांनी आपल्या प्रसिद्ध 'मुकद्दमा' ग्रंथात या शब्दाचा उलगडा केला आहे. सिक्का म्हणजे आधी लोखंडाचा ठसा, ज्याने दिनार-दिरहमवर छाप उठवितात. मग त्या छापेलाच सिक्का म्हणू लागले आणि पुढे ते काम पाहणाऱ्या खात्याला. ते खाते राज्याला आवश्यक का, तर लोकांच्या व्यवहारात खरे नाणे खोट्यापासून वेगळे ओळखू यावे म्हणून.

कारागीर बांधवांना हे समजावून सांगायला नको. मिरजेत शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली आणि त्या वाद्यांनी देशभर नाव कमावले. वाद्यावर घराण्याचे नाव असते ते मिरवण्यासाठी नसते. जवारी नीट लागली नाही, भोपळा तडकला, तर गिऱ्हाइकाने कोणाच्या दारात यायचे, ते त्या नावाने ठरते. छाप ही आधी जबाबदारी आणि मग मान. नाण्यावरच्या छापेचेही तेच. 'या नाण्याच्या वजनाची व कसाची हमी माझी' असे राजा त्यातून सांगत असे.

पूर्वी बाजार ही हमी डोळे मिटून मान्य करीत नसे. सराफ नाणे वाजवून घेई, पोतदार कस तपासी आणि परमुलखातले किंवा झिजलेले नाणे असेल तर त्यावर बट्टा कापला जाई. राजाचे नाव केवढे मोठे, यावर बट्टा ठरत नसे. चांदी किती व नाणे किती ओळखीचे, यावर तो ठरे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सारा इतिहास उलगडत जातो.

माल्कम पेठेचा धडा

महाबळेश्वरच्या बाजारपेठेचे जुने नाव माल्कम पेठ. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार होऊन हे ठिकाण इंग्रजांकडे आले आणि येथे वसविलेल्या पेठेला पदावर असलेल्या गव्हर्नराचेच नाव मिळाले. समकालीन राजकीय व्यक्तीचा गौरव म्हणावा तर याहून ठळक उदाहरण आपल्या जिल्ह्यात सापडणे कठीण. मग तर साहेबांची नावे डोंगरकड्यांवरही चढली. एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, आर्थर सीट ही त्यांतलीच.

आता गंमत पाहा. ज्या काळात पेठेला माल्कमचे नाव होते, त्या काळात मुंबई इलाख्यातील कंपनीच्या रुपयावर कोणाचे नाव होते? माल्कमचे नव्हते. इंग्लंडच्या राजाचेही नव्हते. त्यावर फारसी लिपीत दिल्लीचा बादशहा शाह आलम याचे नाव होते. हा शाह आलम १७८८ साली गुलाम कादिरने आंधळा केलेला, सत्ता गमावलेला बादशहा. तो १८०६ सालीच मरण पावला होता. दिल्लीच्या गादीवर तेव्हा अकबर शाह दुसरा बसला होता, पण कंपनीच्या रुपयावर त्याचेही नाव नव्हते!

पेशवाईतही असेच होते. पुण्याचा अंकुशी रुपया, चांदोरी रुपया हे मराठ्यांच्या मुलखातले चलन. पण त्यांवर नाव मोगल बादशहाचे. ज्यांनी दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हलविली, त्या मराठ्यांना आपले नाव घालता आले नसते काय? आणि ज्या कंपनीने मराठ्यांचे राज्य घेतले, तिला कोणी अडविले असते काय? अडविणारा कोणी नव्हता. पण बाजार ओळखीच्या छापेला सरावला होता. छाप बदलली की सराफ बट्टा कापणार आणि व्यवहार अडणार, हे दोघांनाही पक्के ठाऊक होते. पेठेला नाव देणे सोपे. त्याने कोणाच्या गल्ल्यात खोट येत नाही. रुपयाला हात लावणे मात्र अवघड.

पुढे १८३५ च्या कायद्याने सर्व इलाख्यांसाठी एकच रुपया ठरला आणि त्यावर विल्यम चौथा याचा चेहरा आला. १८४० पासून राणी व्हिक्टोरियाचा. हिंदी-उर्दूत अशा रुपयाला 'चेहराशाही' म्हणत. आपल्याकडे तो 'राणीछाप' झाला. तो चालला त्याचे कारण त्यात ठरलेली चांदी ठरल्याप्रमाणे भरत असे.

शिवराईचा मान

येथे कोणी म्हणेल की, शिवाजी महाराजांनी हयातीतच आपल्या नावाचे नाणे पाडले ना? होय. १६७४ च्या राज्याभिषेकापासून सोन्याचा होन व तांब्याची शिवराई यांवर एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे आली. पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, त्यावर महाराजांचे चित्र नाही, केवळ नाव आहे. दुसरी, ते नाणे म्हणजे नव्या स्वतंत्र राज्याची द्वाही होती. खुत्बा आणि सिक्का या दोन खुणांनी सार्वभौम सत्ता ओळखण्याचा तो काळ होता. राजेशाहीत राजा हाच सार्वभौम, म्हणून नाण्यावर राजा. लोकशाहीत सार्वभौम जनता आहे. पंतप्रधान, मुख्यमंत्री हे तिने ठराविक मुदतीसाठी नेमलेले कारभारी. मालकाच्या दुकानाच्या पाटीवर मुनीम आपले नाव घालीत नाही.

आणि शिवराईला खरा मान कोणी दिला? १८१८ साली मराठेशाही संपली, तरी शिवराई सातारा-कोल्हापूर भागाच्या बाजारात पुढे बराच काळ फिरत राहिली. आपल्या पणजोबांच्या पिढीला ती ठाऊक होती. कोणाच्या हुकुमाने नव्हे, तर भाजीवाली, विणकर, लोहार यांनी ती एकमेकांच्या हातावर ठेवली म्हणून.

खलीफा अब्दुल मलिक यांनी बदललेला निर्णय

आपल्या इतिहासातही या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मक्का-मदिनेच्या बाजारात रोमी दिनार व इराणी दिरहम चालत. त्यांवर परक्या बादशहांचे चेहरे होते. व्यापारी ते तोलून घेत. जकातीचा हिशेबही वजनावर बांधलेला; चेहऱ्याला त्यात किंमत नव्हती.

पुढे उमय्या खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांनी स्वतःची टाकसाळ उभी केली. हि.स. ७४ ते ७७ या काळात निघालेल्या त्यांच्या दिनारांवर तलवार धरून उभ्या असलेल्या खलीफाचे चित्र होते. म्हणजे हयात सत्ताधाऱ्याचे चित्र! पण हि.स. ७७ (इ.स. ६९६-९७) मध्ये त्यांनीच ते काढून टाकले आणि केवळ अक्षरांचे दिनार काढले. त्या सोन्याच्या दिनारावर त्यांनी आपले नावदेखील ठेवले नाही. चित्राचा दिनार तीन-चार वर्षे चालला. अक्षरांच्या दिनाराची पद्धत कित्येक शतके चालली आणि स्पेनपासून सिंधपर्यंतच्या बाजारांनी ती स्वीकारली.

हिंदुस्थानात जहांगीर बादशहाने आपले चित्र असलेल्या मोहरा पाडल्या. पण त्या दरबारातील मर्जीतल्या सरदारांना भेट म्हणून दिल्या जात. बाजारातला रुपया अक्षरांचाच राहिला. गौरवाचे नाणे वेगळे आणि व्यवहाराचे नाणे वेगळे, हा फरक त्या बादशहानेही पाळला, हे विशेष.

स्वतंत्र भारताने काय केले?

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तरी गल्ल्यातल्या नोटेवर सहावा जॉर्ज होता. त्या नोटेवर सही मात्र सर चिंतामणराव देशमुख यांची. हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाबळेश्वरचा आंबेनळी घाट उतरून गेले की लागणाऱ्या महाड भागातले. चेहरा परक्याचा आणि वचन आपल्या माणसाचे, अशी ती नोट बाजाराने विनातक्रार चालविली.

नव्या नोटेवर राजाच्या जागी गांधीजींचे चित्र घालावे, असा विचार प्रथम झाला होता. नमुनेही तयार झाले होते. पण अखेर एकमत झाले ते सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहांवर. १९४९ च्या एक रुपयाच्या नोटेवर आणि १५ ऑगस्ट १९५० पासूनच्या नाण्यांवर तेच सिंह आले. राष्ट्रपित्याविषयी कोणाच्या मनात अनादर होता काय? नव्हता. पण व्यक्तीऐवजी राज्याचे चिन्ह घेतले गेले. गांधीजींचे चित्र नोटेवर प्रथम आले ते १९६९ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, म्हणजे निधनानंतर एकवीस वर्षांनी. मग १९८७ मध्ये ५०० रुपयांच्या नोटेवर आणि १९९६ पासून 'महात्मा गांधी मालिके'च्या सर्व नोटांवर. इतर कोणाचे चित्र घ्यावे काय, याचा विचार करून रिझर्व्ह बँकेच्या समितीने गांधीजींनाच कायम ठेवले, असे २०१४ साली अर्थमंत्री अरुण जेटली यांनी संसदेत सांगितले होते.

नाण्यांचा इतिहास थोडा वेगळा आहे. २७ मे १९६४ ला पंडित नेहरू वारले आणि त्याच वर्षीच्या नाण्यावर त्यांचा चेहरा आला. इंदिरा गांधी १९८४ मध्ये गेल्या. १९८५ मध्ये त्यांचे नाणे निघाले. राजीव गांधी २१ मे १९९१ ला गेले. नाणे त्याच वर्षाचे. या तिन्ही वेळी सरकार त्यांच्याच पक्षाचे होते. अटलबिहारी वाजपेयी १६ ऑगस्ट २०१८ ला गेले आणि २४ डिसेंबर २०१८ ला त्यांचे शंभर रुपयांचे स्मृतिनाणे निघाले. तेव्हा सरकार त्यांच्या पक्षाचे होते. म्हणजे या बाबतीत कोणा एका पक्षाकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही.

याउलट डॉ. आंबेडकरांचे नाणे १९९० मध्ये जन्मशताब्दीच्या निमित्ताने, शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे नाणे १९९९ मध्ये आणि लोकमान्य टिळकांचे पाच रुपयांचे नाणे २००७ मध्ये निघाले. ही नाणी निघाली तेव्हा त्यांच्यावर कोणत्या एका पक्षाचा हक्क आहे, असा प्रश्न कोणाला पडला नाही. काळाने त्यांना सर्वांचे केले होते.

दुसरी बाजूही ऐकू या

समकालीन पुढाऱ्यांच्या बाजूने जे बोलले जाते, तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. पहिला मुद्दा असा की, नेहरू-इंदिरा-राजीव यांची नाणी निघाली आणि बाजाराने ती घेतली. मग नुकसान काय झाले? हे खरे आहे. पण ती नाणी नेहमीच्या नाण्यांच्या सोबतीने निघाली आणि थोड्या काळात थांबली. त्या व्यक्तीही हयात नव्हत्या. रोजच्या नोटेवर कायमचा चेहरा बदलणे ही गोष्ट वेगळी.

दुसरा मुद्दा असा की, एवढ्या मोठ्या देशात सर्व नोटांवर एकच चेहरा का? इतर समाजांच्या, प्रांतांच्या थोर व्यक्ती का नकोत? या तक्रारीत तथ्य आहे आणि तिच्यावर विचार व्हायला हरकत नाही. पण तिचे उत्तर काळाच्या चाळणीतून उतरलेल्या नावांत शोधावे लागेल. आज निवडणूक लढविणाऱ्यांत नव्हे.

तिसरा मुद्दा असा की, सौदी अरेबियात, इंग्लंडमध्ये गादीवरच्या राजाचे चित्र असतेच. आपले अनेक बांधव आखातात कमावतात, रियाल त्यांच्या ओळखीचा आहे. पण ती राज्ये राजांची. तेथे राजा हा पक्ष नव्हे, आणि त्याच्याविरुद्ध मत देऊन दुसरा आणायचा नसतो. इंग्लंडमध्ये ५ जून २०२४ ला चार्ल्स राजाच्या नोटा आल्या, तरी राणी एलिझाबेथच्या नोटा चालूच राहिल्या.

चेहरा पडतो तेव्हा गल्ल्याचे काय होते?

सत्ताधाऱ्याचा चेहरा नोटेवर असला की त्याचे नशीब नोटेला चिकटते. १९७९ मध्ये इराणच्या शहाची सत्ता गेली; त्याच्या चेहऱ्यावर छाप मारून नोटा चालवाव्या लागल्या. १९९७ मध्ये झैरेत मोबुटूची सत्ता गेली, तेव्हा नोटांमधून त्याचा चेहरा गोल कापून त्या भोकाच्या नोटा चालविल्या गेल्या. इराकमध्ये सद्दामच्या नोटा १५ ऑक्टोबर २००३ ते १५ जानेवारी २००४ या तीन महिन्यांत बदलून घ्याव्या लागल्या. बांगलादेशात शेख मुजीब यांना जाऊन जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती. पण त्यांच्या कन्येची सत्ता ऑगस्ट २०२४ मध्ये गेली आणि जून २०२५ मध्ये त्यांच्या चित्राविना नव्या नोटा आल्या. मृत नेताही एका पक्षाचा झाला की तो पुन्हा 'समकालीन' होतो, हा त्यातला धडा.

अमेरिकेने ही खोड लवकर ओळखली. तेथे स्पेन्सर क्लार्क नावाच्या खजिना खात्यातील अधिकाऱ्याचा चेहरा पाच सेंटच्या नोटेवर आला. त्यावर मोठा गहजब झाला आणि १८६६ मध्ये नोटांवर हयात व्यक्तीचे चित्र घालण्यास कायद्याने बंदी झाली. २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांचे चित्र असलेल्या एक डॉलरच्या नाण्याचा आराखडा पुढे आला, तेव्हा हाच वाद तेथे पुन्हा पेटला.

आपल्याच नियमात उत्तर आहे

या प्रश्नावर आपल्या देशाचा एक नियम फार कमी लोकांना ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोट परतावा नियम, २००९ मधील सहाव्या नियमाप्रमाणे ज्या नोटेवर राजकीय किंवा धार्मिक आशयाचा मजकूर वा चित्र कोणी काढले असेल, किंवा कोणा व्यक्तीचा वा संस्थेचा प्रचार केला असेल, त्या नोटेचा परताव्याचा दावा फेटाळला जातो. नोटेवर राजकीय घोषणा लिहिली की ती कायदेशीर चलन राहत नाही. साधी रेघोटी, हिशेबाचा आकडा असेल तर नोट चालते. घोषणा असेल तर पैसे बुडाले.

म्हणजे कोणी पाचशेच्या नोटेवर शाईने अमक्या पुढाऱ्याचा जयजयकार लिहिला, तर ती नोट मेली. कायद्याने नोटेला पक्षापासून इतके दूर ठेवले आहे. मग त्याच पुढाऱ्याचा चेहरा टाकसाळीने छापावा, हे कोणत्या न्यायाने? गिऱ्हाइकाने केले तर गुन्हेगाराप्रमाणे त्याचे पैसे बुडतात आणि सरकारने केले तर तो गौरव, असे दोन मापांनी तोलणे व्यापाऱ्याला पटणार नाही. दोन मापे ठेवणे हे आपल्याकडे केवढे पाप मानले आहे, ते सांगायला नको.

आणि गल्ल्याचा विचार करा. आपण गिऱ्हाइकाला त्याचा पक्ष विचारून चप्पल विकत नाही. नोट ही अशी एकच वस्तू आहे, जी एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन शेजारीही एकमेकांच्या हातून घेतात. तीवर एकाचा पुढारी छापला, तर दुसरा ती घेईल, कारण घ्यावीच लागेल. पण मनातून कुरकुरत घेईल. कोणी चेहऱ्यावर शाई फासील, कोणी फाडील आणि ती खराब नोट शेवटी कोणाच्या गल्ल्यात उरेल? छोट्या दुकानदाराच्या.

गौरव करायचा तर मार्ग अनेक आहेत. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे टपाल तिकीट १९५८ मध्ये, ते हयात असताना, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी निघाले. तिकीट एकदा चिकटवले, शिक्का पडला, संपले. ते कोणाला घ्यावेच लागत नाही. स्मृतिनाणे संग्राहक हौसेने घेतो. रोजच्या नोटेचे तसे नाही. ती नाकारता येत नाही. ज्याला नाकारता येत नाही त्याच्यावर पक्षाची छाप नको, हा साधा न्याय आहे.

म्हणून आमच्या मते तीन मर्यादा असाव्यात. रोजच्या चलनावर हयात व्यक्ती कधीच नको. निधनानंतर निदान एक पिढी, म्हणजे वीस-पंचवीस वर्षे, उलटावीत. गांधीजींच्या बाबतीत हेच घडले. आणि नवे नाव घ्यायचेच तर ते सर्व पक्षांच्या संमतीने घ्यावे, म्हणजे सरकार बदलले तरी नोट बदलावी लागणार नाही.

दुकानात पाळावयाच्या गोष्टी

१) वेगळे चित्र दिसले म्हणून नाणे नाकारू नका. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा नमुने असून ते सर्व चालू आहेत, असा खुलासा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये केला होता.

२) एक रुपया व त्यावरील नाणी एका व्यवहारात एक हजार रुपयांपर्यंत घेणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून अधिक नाणी घेण्याची सक्ती नाही. जमलेली नाणी बँकेत भरता येतात.

३) शंभर रुपये व त्यावरील किमतीची स्मृतिनाणी संग्रहासाठी असतात. बाजारातल्या फिरत्या पैशासारखी ती चालविण्यासाठी नसतात.

४) अमक्याचे चित्र असलेले जुने नाणे लाखो रुपयांना विकत घेतो, अशा जाहिरातींना फसू नका. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आहे.

५) नोट चेहऱ्याने नव्हे, खुणांनी पारखा : पाण्याचा ठसा, सुरक्षा धागा, बोटाला जाणवणारी उठावदार छपाई आणि चढत्या आकाराचे अंक.

६) नोटेवर काहीही लिहू नका, मुलांना लिहू देऊ नका आणि राजकीय घोषणा लिहिलेली नोट घेऊ नका.

शेवटी एक गोष्ट. १९२३ साली डॉ. आंबेडकरांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुपयाचा प्रश्न त्यांनी त्याच्या मोलाच्या स्थिरतेत शोधला. आज शंभर वर्षांनंतर आपल्या दुकानदाराचाही तोच प्रश्न आहे : सकाळी घेतलेल्या शंभर रुपयांत संध्याकाळी किती माल येईल? हल्ली बाजारात प्रत्येक गल्ल्याशेजारी क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनावर कोणाचाच चेहरा नाही, तरी त्यावरून चप्पलही विकली जाते आणि चणेही.

माल्कम साहेबांच्या पेठेत आज कोणी माल्कमचे नाव घेऊन नोट मोजत नाही. कंपनी बहादूर तेव्हा सर्वांत बलवान होती. तरी रुपयावर आपला चेहरा आणायला तिला १८३५ पर्यंत थांबावे लागले. ज्या पुढाऱ्याला खरोखर मान हवा असेल, त्याने नोटेवर बसण्यापेक्षा नोटेचे मोल टिकवावे. बाजार त्याचे नाव आपणहून लक्षात ठेवील, जसे त्याने शिवराईचे ठेवले.